मान, धन आणि मानधन : शिक्षकाच्या पगाराविषयी आपण कसे बोलतो

१

५ सप्टेंबर २०२४ रोजी शिक्षक दिन नेहमीसारखाच साजरा झाला. सत्कार झाले, शाली-श्रीफळे दिली गेली, वर्तमानपत्रांतून गुरुमहिमा सांगणारे लेख आले. त्याच तारखेचा शालेय शिक्षण विभागाचा एक शासन निर्णय आहे. वीस किंवा त्याहून कमी पट असलेल्या शाळांमध्ये शिक्षकाच्या एका पदावर निवृत्त शिक्षक कंत्राटी पद्धतीने नेमावा आणि त्याला दरमहा १५,००० रुपये मानधन द्यावे, असा त्याचा आशय. वर्षभरापूर्वी, जुलै २०२३मध्ये, निवृत्त शिक्षकांना तात्पुरते नेमण्याचे ठरले तेव्हा ही रक्कम २०,००० होती. २०२४च्या त्या सप्टेंबर महिन्यातच राज्यभरच्या प्राथमिक शिक्षकांनी सामूहिक रजा टाकून मोर्चे काढले. त्यावर चर्चा झाली, पण ती बहुतेक नेहमीच्या वळणाने गेली. एका बाजूने ‘गुरुजींवर ही वेळ यावी?’ आणि दुसऱ्या बाजूने ‘एवढा पगार घेऊन हे शिकवतात काय?’

निर्णय काढणाऱ्याने ती तारीख मुद्दाम निवडली असेल असे मला वाटत नाही. मला खटकले ते वेगळेच. एकाच दिवशी एकाच माणसाला देव्हाऱ्यात बसवणे आणि त्याचे मोल पंधरा हजार ठरवणे, या दोन गोष्टींत आपल्यापैकी फारशा कुणाला विसंगती जाणवली नाही. ती का जाणवली नाही, हा या लेखाचा प्रश्न आहे. मी अर्थशास्त्राची अभ्यासक नाही. आयुष्यभर मराठी शिकवले आणि मराठी पुस्तके वाचली. त्यामुळे अंदाजपत्रकातील आकड्यांपेक्षा त्या आकड्यांभोवतीच्या शब्दांकडे, आणि त्या शब्दांना बळ देणाऱ्या आपल्या साहित्याकडे पाहावे, एवढाच माझा अधिकार. माझे म्हणणे थोडक्यात असे : शिक्षकाविषयी बोलण्याच्या दोनच रीती मराठीने घडवल्या, एक पूजेची आणि एक हिशेबाची. श्रमाचा मोबदला म्हणून वेतनाविषयी साधेपणाने बोलण्याची तिसरी रीत आपल्याकडे होती, पण ती आपण बाजूला ठेवली. आणि पूजेची भाषा हिशेबाच्या भाषेच्या विरोधात उभी आहे असे आपल्याला वाटत असले, तरी प्रत्यक्षात ती तिच्या कामी येते.

२

सुरुवात ‘मानधन’ या शब्दापासून करू. कविसंमेलनाच्या अध्यक्षाला मानधन देतात, व्याख्यात्याला देतात. ज्याचे पोट त्या रकमेवर अवलंबून नाही अशा माणसाला आदरापोटी दिलेली रक्कम, असा त्याचा मूळ भाव. म्हणूनच मानधनाची रक्कम विचारणे असभ्य समजले जाते. हा शब्द जेव्हा महिन्याच्या महिन्याला राबणाऱ्या माणसाला लावला जातो, तेव्हा तो एक गोष्ट चोख करतो : रकमेविषयी तक्रार करणाऱ्याला आपोआप असभ्य ठरवतो. वेतन म्हटले की त्याच्या मागोमाग वेतनवाढ, महागाई भत्ता, रजा, भविष्यनिर्वाह निधी, थकबाकी हे सगळे गणगोत येते. मानधन एकटेच येते. अंगणवाडीच्या ताईंपासून आशा कार्यकर्तींपर्यंत ज्यांना ज्यांना सरकारने कर्मचारी म्हणायचे टाळले, त्या सगळ्यांना हा शब्द मिळाला, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

शाळेत तो ठळकपणे आला २०००मध्ये, शिक्षण सेवक योजनेबरोबर. पाचव्या वेतन आयोगानंतर पगाराचा भार झेपत नाही, ही त्यामागची अडचण खरी होती. तोडगा असा निघाला की नव्याने लागणाऱ्या शिक्षकाने पहिली तीन वर्षे ठरावीक मानधनावर काम करावे आणि मग नियमित वेतनश्रेणीत यावे. पुढे हे मानधन प्राथमिक, माध्यमिक आणि उच्च माध्यमिक स्तरांवर अनुक्रमे ६,०००, ८,००० आणि ९,००० रुपये होते आणि तिथेच ते कित्येक वर्षे थबकले. २०२३मध्ये ते १६,०००, १८,००० आणि २०,००० झाले. शेजारच्या वर्गातील नियमित प्राथमिक शिक्षकाचे सातव्या आयोगातील मूळ वेतन, भत्ते सोडून, २९,२०० रुपयांपासून सुरू होते. वर्ग तोच, पुस्तक तेच, पात्रता तीच.

‘सेवक’ हा शब्दही निरखून पाहावा. ‘परिवीक्षाधीन शिक्षक’ म्हटले असते तर कायद्यातील एक ओळखीची अवस्था डोळ्यांपुढे आली असती. ‘सेवक’ म्हटल्याने व्रत आले, राष्ट्रकार्य आले. सेवा करणारा मोबदल्याची घासाघीस करत नाही. मग २०१७मध्ये शिक्षकभरतीसाठी संगणकप्रणाली आली, तिचे नाव ‘पवित्र’. इंग्रजी आद्याक्षरे जुळवून ते बनवले आहे हे खरे, पण अक्षरे जुळवणाऱ्याला नेमका हाच शब्द जुळवावासा वाटला. तलाठ्याच्या किंवा अभियंत्याच्या भरतीच्या प्रणालीला कुणी पवित्र म्हणणार नाही. त्या भरतीची वाट पाहता पाहता वयाची मर्यादा ओलांडलेली डी.एड.-बी.एड. झालेली मुले हे नाव कोणत्या स्वरात उच्चारतात, ते ज्याने ऐकले असेल त्याला अधिक सांगायला नको.

आणि ‘कायम’. नोकरी करणाऱ्याला याहून प्रिय शब्द नाही. ‘मुलगा कायम झाला का?’ हा प्रश्न लग्नाच्या बोलण्यांत आजही विचारला जातो. २००१नंतर नव्या शाळांना ‘कायम विनाअनुदान’ तत्त्वावर परवानगी देण्याचे धोरण आले, आणि हा शब्द माणसाऐवजी त्याच्या अभावाला चिकटला. शिक्षक कायम नाही, अनुदान नसणे मात्र कायम. २००९मध्ये सरकारने ‘कायम’ हा शब्द वगळला, तेव्हा एका शब्दाच्या खोडण्यावर हजारो घरांत पेढे वाटले गेले. शब्द गेला, पण पैसा लगेच आला नाही. मूल्यांकन, पात्र-अपात्र याद्या, मग २०१६मध्ये वीस टक्के, पुढे चाळीस टक्के असे टप्पे. ‘टप्पा अनुदान’ हा शब्द तेव्हापासूनचा. एखाद्या माणसाला वीस टक्के पगार म्हणजे काय, त्याच्या घरातले वीस टक्के धान्य की वीस टक्के भाडे, हे विचारायची सोय त्या शब्दात नाही.

३

ही भाषा सरकारी बाबूंनी एका रात्रीत तयार केली नाही. तिची मुळे फार सन्मान्य जागी आहेत, आणि म्हणूनच ती उपटणे अवघड आहे.

जानेवारी १८८०मध्ये पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल निघाले. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी सरकारी नोकरी सोडली होती. टिळक आले, लवकरच आगरकर आले. आगरकरांनी आईला लिहिलेल्या पत्राची हकीकत मराठी माणसाला शाळेपासून पाठ असते : मोठ्या परीक्षा दिलेला मुलगा मोठ्या पगाराच्या मागे न लागता पोटापुरते मिळवून उरलेला वेळ परहितात घालवणार आहे. पुढे १८८४मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५मध्ये फर्ग्युसन कॉलेज स्थापन झाले. आजीव सदस्यांनी ठरावीक, बेताच्या वेतनावर वीस वर्षे काम करायचे, ही त्यांची घडी. गोखल्यांनी ७५ रुपये दरमहा घेऊन हे व्रत पुरे केले. यातील त्याग अस्सल होता. सरकारी खात्यात किंवा वकिलीत हीच माणसे कितीतरी अधिक मिळवू शकली असती.

पण त्याग अस्सल होता तो याच कारणाने. त्यांच्यापुढे दुसरा रस्ता उघडा होता आणि त्यांनी तो नाकारला. शिवाय, आपण विसरतो ती गोष्ट अशी की या मंडळींनी पैशाचा विषय कधीच अपवित्र मानला नाही. आजीव सदस्याने बाहेरची मिळकत घ्यावी की नाही, वाढीव रक्कम घ्यावी की नाही, यावर त्यांच्यात वर्षानुवर्षे कडाक्याचे वाद झाले आणि १८९०मध्ये टिळक सोसायटीतून बाहेर पडले, त्यात या वादांचा मोठा वाटा होता. म्हणजे आपल्या त्यागाच्या आद्य कथेच्या पोटातच पगाराची खडाजंगी आहे. सत्काराच्या भाषणांत कथा येते, खडाजंगी येत नाही.

याच पुण्यात, याच दशकात, दुसऱ्या एका माणसाने शिक्षकाच्या पगाराविषयी अगदी वेगळ्या रीतीने लिहिले. ऑक्टोबर १८८२मध्ये जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन ठेवले. रयतेच्या घामातून महसूल गोळा होतो आणि तो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर उधळला जातो, हा त्यातला मुख्य मुद्दा सगळ्यांना ठाऊक असतो. त्याच निवेदनात शिक्षकाविषयीही ठोस सूचना आहेत. प्राथमिक शाळेचा शिक्षक प्रशिक्षित असावा, शक्यतो शेतकरी वर्गातला असावा, म्हणजे तो मुलांत मिसळेल. त्याला दरमहा १२ रुपयांहून कमी पगार नसावा, मोठ्या गावांत तो १५ किंवा २० असावा. गावचे हिशेब तपासणे, दस्त नोंदवणे, टपालाचे काम पाहणे अशा जबाबदाऱ्या देऊन गावगाड्यात त्याला वजन प्राप्त करून द्यावे. स्थानिक उपकराच्या निधीचा निदान निम्मा भाग प्राथमिक शिक्षणावर खर्चावा.

या सूचनांत ‘गुरु’ नाही, ‘सेवा’ नाही, ‘त्याग’ नाही. पगार आहे, तो कुठून द्यायचा हे आहे, आणि तो का द्यायचा हेही आहे : चांगला माणूस या कामाकडे यावा आणि टिकावा म्हणून. प्रतिष्ठाही आहे, पण ती पगाराच्या ऐवजी नाही, पगाराबरोबर आहे. आता १२ आणि ७५ हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. कॉलेजातला प्राध्यापक आणि खेड्यातला पंतोजी यांची तुलना सरळ होत नाही, हे मान्य. तरीही, फुल्यांनी खेड्यातल्या शिक्षकासाठी जी रक्कम मागणी म्हणून मांडली, तिच्या सहापट रक्कम पुण्यात त्यागाचे माप ठरली होती. त्यागाची कल्पना एका वर्गाने घडवली, आणि तिचा हप्ता पुढे दुसऱ्याच वर्गांतून आलेल्या शिक्षकांनी फेडला. बहुजन समाजातील मुले-मुली मोठ्या संख्येने मास्तर-बाई झाल्या, तेव्हा त्यांना आगरकरांचे पत्र वाचून दाखवले गेले. ज्यांच्यापुढे नाकारायला दुसरा रस्ताच नव्हता, त्यांनी नेमके काय त्यागायचे, हे कुणी सांगितले नाही.

४

साहित्याने या व्यवहारात काय केले? इथे मला माझ्याच आवडत्या पुस्तकांविरुद्ध साक्ष द्यायची आहे.

पु. ल. देशपांड्यांचे चितळे मास्तर माहीत नाहीत असा मराठी वाचक विरळा. ‘व्यक्ती आणि वल्ली’तील ते शब्दचित्र मी वर्गात किमान वीसदा शिकवले असेल, आणि शेवटाकडे मास्तरांच्या झिजलेल्या चपलांपाशी आल्यावर दर वेळी माझा आवाज थोडा बदलला. मास्तरांच्या हाताखालून गेलेली मुले मोठी झाली, दूर गेली, आणि मास्तर त्याच चपलांत राहिले. पुलंची करुणा खोटी नाही. त्यांच्या लेखणीला उपदेशाचा स्पर्शही होत नाही. पण वीस वर्षांत एकाही विद्यार्थ्याने मला विचारले नाही, आणि मीही वर्गाला विचारले नाही, की मास्तरांना नव्या चपला का घेता येत नव्हत्या? शाळा त्यांना किती देत होती? आम्ही त्या चपला स्मारकासारख्या पाहिल्या. झिजलेली टाच हा मास्तरांच्या थोरवीचा पुरावा ठरला. मग ओघानेच असे होते की ज्याच्या चपला नव्या, त्याच्या थोरवीचा पुरावा हरवला.

साने गुरुजींचेही तेच केले गेले. १९२४ ते १९३० अशी सहा वर्षे ते अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते, वसतिगृह सांभाळत होते. मग स्वातंत्र्यलढ्यात उतरले. त्या सहा वर्षांच्या शिक्षकाला आपण पस्तीस वर्षे नोकरी करणाऱ्या, दोन मुले, म्हातारे आईवडील आणि गृहकर्ज असलेल्या शिक्षकाचे माप केले. संन्यस्त माणसाच्या मापाने संसारी माणसाला मोजले, की तो नेहमीच तोकडा भरतो. हा गुरुजींचा दोष नाही, मोजणाऱ्यांचा आहे.

संत नसेल तर पतित, अशी आपली दुसरी ठरलेली जागा. वसंत कानेटकरांच्या ‘अश्रूंची झाली फुले’मधला आदर्शवादी प्राध्यापक विद्यानंद संस्थेच्या राजकारणाचा बळी होतो आणि गुन्हेगारीच्या वाटेला लागतो. नाटक संस्थाचालकांवर बोट ठेवते, हे त्याचे श्रेय. पण रंगभूमीवर शिक्षकाला उभे राहायला दोनच जागा उरतात, देवत्वाची आणि अधःपाताची. सकाळी शाळेत जाऊन नीट शिकवणारा आणि एक तारखेला पगार घेऊन घरी येणारा शिक्षक, जसा बँकेतला कारकून किंवा इस्पितळातली परिचारिका असते तसा, आपल्या कल्पनेत रुजला नाही.

व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) याला अपवाद आहे, पण तिच्याकडे आपण त्या नजरेने पाहिलेले नाही. औंध संस्थानातल्या धनगरांच्या वाडीत एक कोवळा मास्तर जातो. तिथे तो पत्रे लिहितो, वाचून दाखवतो, पैशाअडक्याची कामे करतो, भांडणे ऐकतो, तालमीच्या बांधकामामागे लागतो, कुणाची चोळी शिवून आणण्यापायी बदनामीच्या काठावर येतो. फुल्यांनी ज्याला गावगाड्यात वजन द्यावे म्हटले होते, तोच हा मास्तर; फक्त वजनाबरोबर मागितलेले बाकीचे त्याच्या वाट्याला आलेले नाही. माडगूळकर त्याला थोर करत नाहीत. तो नोकरीवर आलेला मुलगा आहे, एवढेच. आणि कादंबरीच्या शेवटी दुष्काळ पडतो, मेंढरे मरतात, वाडी उठून जाते, शाळेत मुलेच उरत नाहीत. शाळेचा पट शून्यावर आला तो मास्तर आळशी होता म्हणून नव्हे. वाडीच जगली नाही म्हणून. कमी पटाच्या शाळांविषयी आज जे बोलले जाते, ते वाचताना मला ही कादंबरी वारंवार आठवते.

५

डिसेंबर १९७७ ते फेब्रुवारी १९७८ या काळात राज्य सरकारी कर्मचारी आणि शिक्षकांचा ५४ दिवसांचा संप झाला. केंद्राप्रमाणे महागाई भत्ता ही मुख्य मागणी. खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा कायदाही १९७७चाच. या सुमाराला महाराष्ट्रातल्या शिक्षकाने पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर आणि उघडपणे स्वतःला पगारदार म्हणवून घेतले. त्यानंतर त्याचे जगणे सुधारले, आणि त्याच वेगाने त्याच्याविषयीची भाषा बिघडली. दारिद्र्यात वंदनीय असलेला मास्तर पगार वाढल्यावर संशयित झाला. त्याच्या दारातली मोटारसायकल, त्याचे तालुक्याच्या गावातले घर हे विनोदाचे विषय झाले. डॉक्टरच्या किंवा तहसीलदाराच्या दारातल्या गाडीवर असा विनोद होत नाही.

या संशयात तथ्य अजिबात नाही असे मी म्हणणार नाही. पाचवीच्या मुलाला दुसरीचा मजकूर नीट वाचता येत नाही, असे पाहणी अहवाल वर्षामागून वर्षे सांगत आले आहेत. कामचुकार शिक्षक मी जवळून पाहिले आहेत. त्यांच्या वर्गात बसलेल्या मुलांचे नुकसान कुठल्याही घोषणेने भरून येत नाही. शिक्षक संघटनांनी वेतनाइतक्या त्वेषाने वाचनाच्या प्रश्नावर मोर्चे काढले असते, तर लोकांची सहानुभूती त्यांना मागावी लागली नसती. पण कामाची तपासणी हा एक प्रश्न आहे आणि कामाचा मोबदला हा दुसरा. पहिल्याचे उत्तर देता येत नाही म्हणून दुसऱ्यात कपात करायची, हा न्याय आपण इतर कुठल्या पेशाला लावतो?

शिवाय तो काम काय करतो, हेही पाहायला हवे. रमेश इंगळे उत्रादकर यांची ‘निशाणी डावा अंगठा’ (२००५) ही कादंबरी साक्षरता अभियानाच्या निमित्ताने हे काम उघडे करते. कागदावरचे वर्ग, कागदावरचे निरक्षर, कागदावरची साक्षरता, आणि हे सारे कागद भरणारे प्राथमिक शिक्षक. कादंबरी पोट धरून हसवते. पण ती शिक्षकाला ना देव करते ना चोर. वरून आलेल्या आदेशांच्या दळणात सापडलेला एक शहाणा, कधी लबाड, बहुधा थकलेला माणूस म्हणून दाखवते. २००९च्या शिक्षणहक्क कायद्याने जनगणना, निवडणूक आणि आपत्ती-निवारण यांखेरीज इतर अशैक्षणिक कामांना मनाई केली. तरीही शाळेत माहिती भरण्याचे काम किती वाढले, ते कुठल्याही मुख्याध्यापकाला विचारावे.

सदानंद देशमुखांची ‘बारोमास’ (२००२) दाराबाहेर उभ्या असलेल्यांची गोष्ट सांगते. शेतकऱ्याचा शिकलेला मुलगा एकनाथ मास्तरकीसाठी पात्र आहे, पण नोकरीसाठी संस्थेला मोजायला पैसे नाहीत. इथे ‘मानधन’ उलटे फिरते : धन शिक्षकाने द्यायचे, मग मान मिळवायचा. ही कादंबरी शेतीच्या दुरवस्थेची म्हणून वाचली जाते, आणि ते योग्यच आहे; पण शिक्षकाची जागा हा विक्रीचा माल कसा झाला, याचीही ती साक्ष आहे. शेत विकून घेतलेली नोकरी पुढे विनाअनुदानित निघाली, तर त्या माणसाच्या हाती काय उरते, याचा विचार मराठी कादंबरीने अजून पुरेसा केलेला नाही.

६

आता कपातीकडे. २०२३मध्ये समूह शाळांची कल्पना पुढे आली. जवळपासच्या छोट्या शाळा एकत्र करून एक मोठी, सुसज्ज शाळा करायची. नमुना म्हणून पुणे जिल्ह्यातले पानशेत आणि नंदुरबारमधले तोरणमाळ दाखवले गेले. त्या वेळी जे आकडे प्रसिद्ध झाले ते असे : राज्यात वीस किंवा त्याहून कमी पटाच्या १४,७८३ शाळा, त्यांत १,८५,४६७ मुले आणि २९,७०७ शिक्षक. भागाकार केला तर शाळेमागे साडेबारा मुले, दोन शिक्षक; शिक्षकामागे जेमतेम सहा मुले.

हिशेबाच्या भाषेत हा आकडा बोलका आहे, आणि ज्याच्या हाती तिजोरी आहे त्याने तो पाहावा यात गैर काही नाही. बारा मुलांच्या शाळेत खेळगडी कमी, एका वर्गात दोन-तीन मुले, भांडायला आणि शिकायला सोबती नाहीत, हा शैक्षणिक तोटाही खराच. म्हणून समूह शाळेची कल्पना मी हसण्यावारी नेत नाही. पण हाच भागाकार वस्तीच्या बाजूने करून पाहावा. सरासरी साडेबारा म्हणजे कुठे चार, कुठे एकोणीस. ही शाळा बहुधा डोंगरातल्या पाड्यावर, तांड्यावर, वाडीवर असते. तिथून समूह शाळेकडे जाणारा रस्ता ओढ्यातून जातो, आणि पावसाळ्यात ओढा गाडीची वाट पाहत नाही. पहिलीतली मुलगी रोज तेवढा प्रवास करील की घरी राहून धाकट्याला सांभाळील, याचे उत्तर भागाकारात येत नाही. पट कमी होण्याची कारणेही शाळेबाहेर असतात : ऊसतोडीला जाणारी कुटुंबे, इंग्रजी शाळेची पिवळी बस, ओस पडणारी वाडी. बनगरवाडीत हेच झाले होते.

आणि या वादातही शब्द आपले काम करतात. वाचलेल्या पदावरचा शिक्षक ‘अतिरिक्त’ ठरतो, मग त्याचे ‘समायोजन’ होते. कालपर्यंत राष्ट्राचा शिल्पकार असलेला माणूस एका संचमान्यतेत जास्तीचा होतो. त्यातून होणाऱ्या बचतीचा पैसा त्याच मुलांच्या शिक्षणावर खर्च होईल का, हा फुल्यांचा प्रश्न मात्र कुणी विचारत नाही. कोठारी आयोगाने १९६६मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के शिक्षणावर खर्च करायला सांगितले; २०२०च्या धोरणानेही तोच आकडा पुन्हा लिहिला. अर्धशतकाहून अधिक काळ ज्या आकड्याकडे आपण नुसते बोट दाखवत आहोत, त्याच्या सावलीत बसून आपण बारा मुलांच्या शाळेत बचत शोधतो.

मार्च २०२३मध्ये जुन्या पेन्शनसाठी संप झाला तेव्हाही हेच. नोव्हेंबर २००५नंतर लागलेल्यांना जुने निवृत्तिवेतन नाही. संपाला विरोध करणाऱ्यांचा मुद्दा, की तिजोरीवरचा भार शेवटी सगळ्यांनीच उचलायचा आहे, ऐकण्यासारखा होता. संपकऱ्यांचा मुद्दा, की म्हातारपण २००५च्या आधी लागलेल्यांनाही येते आणि नंतर लागलेल्यांनाही, तोही तितकाच. या दोन मुद्द्यांची गाठ पडायला हवी होती. त्याऐवजी एकीकडून ‘गुरुजी संपावर जातात?’ हा धक्का व्यक्त झाला. गुरू म्हटल्यावर संप अपराध ठरतो. पेन्शन मागणेही लोभ ठरते. पूजेची भाषा हिशेबाच्या कामी येते ती अशी.

७

एक खाजगी आठवण सांगून थांबते. महाविद्यालयात लागण्यापूर्वी मी एका विनाअनुदानित माध्यमिक शाळेत सहा वर्षे मराठी शिकवत होते. पगार दोन-तीन महिन्यांनी, जमेल तसा, पाकिटातून मिळे. पगारपत्रकावर मात्र दर महिन्याची, पूर्ण रकमेची ओळ असे. तिच्यापुढे रेव्हेन्यू स्टँप लावून सही करायची. पाकिटात असे त्याच्या कितीतरी पट तो आकडा. पहिल्या वेळी मी अडखळले तेव्हा कार्यालयातले भाऊसाहेब हळूच म्हणाले, “बाई, सही करा. आकडा वाचायचा नसतो.” ते वाईट गृहस्थ नव्हते. त्यांचाही पगार त्याच पत्रकावर होता.

मी सही केली. सहा वर्षे करत राहिले. माझ्या शेजारी सही करणारे गणिताचे सर सकाळी दूध घालत, संध्याकाळी शिकवण्या घेत. त्यांच्या तासाला मुले टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी बसत. दर ५ सप्टेंबरला आम्हा दोघांना गुलाबाचे फूल आणि नारळ मिळे. संस्थेच्या अध्यक्षांचे भाषण होई, त्यात आगरकर येत, साने गुरुजी येत. त्याच आठवड्यात मी वर्गात चितळे मास्तर शिकवत असे, आणि चपलांपाशी आल्यावर माझा आवाज बदलत असे. माझ्या स्वतःच्या चपलांकडे माझे लक्ष गेले नाही. गेले असते तरी मी त्याला थोरवीच समजले असते, इतकी ती भाषा माझ्या अंगात भिनली होती.

म्हणून हा लेख सरकारवरच्या टीकेइतकाच स्वतःवरचाही आहे. आम्ही साहित्य शिकवणाऱ्यांनी मुलांना चपलेपुढे डोळे पुसायला शिकवले. पगारपत्रकावरचा आकडा वाचायला शिकवले नाही. फुल्यांचे ते निवेदन मी पहिल्यांदा वाचले तेव्हा पन्नाशी ओलांडली होती. १२ रुपये, मोठ्या गावात १५ किंवा २०, आणि तो पैसा कुठून यावा याचा स्पष्ट उल्लेख. शिक्षकाविषयी इतके आदराचे काही मी त्यापूर्वी वाचले नव्हते.